पानातून बाहेर आलेला हात

१९८४ च्या शरद ऋतूत लंडनच्या दुकानांत एक छोटी रेकॉर्ड आली आणि कुणाचं लक्ष जायच्या आत मागे पडली. गाण्याचं नाव 'टेक ऑन मी'. गाणारे तिघे नॉर्वेचे, तिशीच्या बरेच अलीकडचे, आणि त्यांच्या बँडचं नाव 'आ-हा'. मायदेशी नॉर्वेत तीच रेकॉर्ड तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढली, पण ब्रिटनने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढच्या वर्षी तेच गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करून पुन्हा बाजारात आणलं, तरीही ब्रिटनमध्ये फरक पडला नाही. दोनदा पडलेल्या गाण्यावर तिसऱ्यांदा पैसे लावायला सहसा कुठलीच रेकॉर्ड कंपनी तयार होत नाही. इथे मात्र एका कंपनीने लावले, आणि त्यातून पॉप संगीताच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर चार मिनिटांच्या चित्रफितींपैकी एक निघाली.

'व्हिडिओने गाणं तारलं' असं या प्रकरणाबद्दल नेहमी म्हटलं जातं. ते खोटं नाही, पण त्यावर थांबलं तर गोष्टीचा निम्मा भाग हातचा जातो. व्हिडिओ जसा एकेक चित्र काढत घडला, तसंच गाणंही एकेक खर्डा टाकून देत घडलं होतं, आणि त्याला तर वर्षानुवर्षं लागली होती.

सुरुवात ऑस्लोच्या मँगलरूड या उपनगरात होते. पोल वॉक्तार आणि मॅग्ने फुरुहोल्मेन हे तिथले शाळकरी मित्र. मॅग्नेचे वडील ट्रम्पेट वाजवायचे. १९६९ साली विमान अपघातात ते गेले तेव्हा मॅग्ने सहा वर्षांचा होता. वॉक्तार गिटार वाजवायचा, मॅग्ने की-बोर्डकडे वळला. दोघांनी 'ब्रिजेस' नावाचा बँड काढला आणि १९८० साली 'फाकेलतोग' नावाची लाँगप्ले रेकॉर्ड स्वतःच्या जोरावर काढली. अमेरिकेतल्या 'द डोअर्स' या बँडचं त्यांना वेड होतं. डोअर्सचा की-बोर्डवादक रे मॅन्झारेक जवळजवळ गणिती शिस्तीने सुरावटी बांधायचा, आणि तसं काहीतरी आपल्याला जमेल का, या खटपटीत मॅग्नेच्या बोटांखाली एक धून आली. उड्या मारत वर जाणारी, परत खाली येणारी आणि एकदा ऐकली की डोक्यातून न जाणारी. आज जगातला कुठलाही माणूस पहिल्या दोन सेकंदांत ओळखतो ती हीच धून. ती सुचली तेव्हा मॅग्ने विशीतही नव्हता.

वॉक्तारला मात्र ती फार गोड वाटली. आपल्या बँडच्या गंभीर, काळोख्या बाण्याला हे शोभत नाही, असं त्याचं मत होतं. म्हणून त्याने तिला मुद्दाम खडबडीत, पंक वळणाचे शब्द दिले आणि गाण्याचं नाव ठेवलं 'मिस ईरी'. म्हणजे ज्या सुरावटीने पुढे त्यांना जगभर नेलं, तिचं पहिलं रूप तिचा गोडवा झाकण्यासाठी तयार झालं होतं. तरुण कलावंतांना आपल्याच हातून सहज आलेल्या गोष्टीचा संशय येतो. मला या संशयाबद्दल आदर वाटतो, कारण त्याच्याशिवाय पुढचे खर्डे झालेच नसते.

मॉर्टन हार्केट त्यांना भेटला तो ऑस्लोजवळच्या आस्करचा. तो दुसऱ्या एका बँडमध्ये सोल संगीत गायचा. त्याने ही धून ऐकली आणि यात काहीतरी आहे हे त्याने ताबडतोब ओळखलं, असं तो पुढे कायम सांगत आला. तिघे एकत्र आले, वॉक्तारच्या वहीतल्या एका गाण्याचं शीर्षक हार्केटला दिसलं, आणि तेच बँडचं नाव झालं. 'मिस ईरी' मागे पडून 'लेसन वन' झालं आणि त्यानंतर 'टेक ऑन मी'. दर वेळी शब्द बदलले, चाल उसवून पुन्हा शिवली, फक्त मॅग्नेची धून तेवढी जागची हलली नाही.

नॉर्वेतून जगाच्या पॉप बाजारात कुणी पोहोचलं नव्हतं. पोहोचायचं तर लंडनला जायला हवं, म्हणून १९८३ च्या जानेवारीत तिघे लंडनला गेले. राहण्याची आबाळ आणि खाण्याची टंचाई. ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी दक्षिण लंडनमधला सिडनहॅमचा एक छोटा स्टुडिओ निवडला, आणि त्या निवडीमागचं एक कारण असं की तिथे 'स्पेस इन्व्हेडर्स' या व्हिडिओ गेमचं यंत्र होतं! या पोरकट कारणाने त्यांचं नशीब उघडलं. स्टुडिओचा मालक जॉन रॅटक्लिफ यांना त्यांची गाणी आवडली, त्यांनी आपले परिचित टेरी स्लेटर यांना बोलावलं आणि दोघांनी मिळून या मुलांचं व्यवस्थापन अंगावर घेतलं. वॉर्नर ब्रदर्स कंपनीच्या अँड्र्यू विकहॅम यांनी हार्केटचा आवाज ऐकला आणि वर्ष संपायच्या आत करार झाला.

पहिलं ध्वनिमुद्रण टोनी मॅन्सफिल्ड या निर्मात्याने केलं. त्या काळी फेअरलाइट नावाच्या संगणकी वाद्याचा बोलबाला होता, आणि मॅन्सफिल्ड त्यात वाकबगार. रेकॉर्ड चकचकीत झाली, पण गाण्यातली धडपड आणि आर्जव त्या चकाकीत विरून गेलं. सोबत निघालेला व्हिडिओही साधाच. निळ्या पार्श्वभूमीसमोर तिघे गातात, वाजवतात, हालचाल करतात. बघितला काय, न बघितला काय.

मग स्लेटर यांनी अ‍ॅलन टार्नी यांना गळ घातली. टार्नी म्हणजे क्लिफ रिचर्डच्या 'वुई डोन्ट टॉक एनीमोअर' या १९७९ च्या गाजलेल्या गाण्याचे कर्ते. पॉप गाण्यात जागा कुठे सोडायची हे त्यांना माहीत होतं. ड्रमचं यंत्र, रोलंडचा जुनो-६०, यामाहाचा डीएक्स-७ ही सगळी यंत्रं त्यांनीही वापरली, पण त्यांच्या खाली हाताने वाजवलेली साधी गिटार ठेवली. आणि मुख्य म्हणजे हार्केटच्या गळ्याला त्यांनी मोकळी वाट दिली.

या गळ्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. धृपद सुरू होतं ते पुरुषी आवाजाच्या तळाशी, बोलल्यासारखं. ओळीमागून ओळ चढत जाते आणि शेवटी ज्या टोकाला पोहोचते तिथे नैसर्गिक आवाज संपलेला असतो. तो सूर लागतो 'फॉल्सेटो'मध्ये, पातळ, चोरट्या आवाजात. सगळा पल्ला अडीच सप्तकांचा. आपल्याकडे मंद्र ते तार असा प्रवास गायक रागाच्या विस्तारात सावकाश करतो. इथे तो काही सेकंदांत, धावत्या लयीत होतो. हार्केट तो वरचा सूर ताकदीने दामटत नाही. तो तिथे पोहोचतो आणि अधांतरी राहतो. गाण्यातली विनवणी खरी वाटते ती या अधांतरामुळे. पुढे व्हिडिओत रेषांचा बनलेला माणूस हाडामांसाचा व्हायला तडफडतो, तेव्हा हाच आवाज त्याच्या बाजूने बोलत असतो.

टार्नींची आवृत्ती १९८५ साली निघाली. लंडनच्या कचेरीने तिच्यामागे फारसा जोर लावला नाही आणि ब्रिटनमध्ये ती पुन्हा आपटली. पण कंपनीचं मुख्य ठाणं अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बरबँकला होतं, आणि तिथलं जग तोवर बदललं होतं. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झालं होतं. दिवसरात्र गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारी ती वाहिनी अमेरिकेतल्या पोरांनी डोक्यावर घेतली होती. १९८३ च्या अखेरीस मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ने या प्रकाराची उंची आणि खर्च दोन्ही कुठच्या कुठे नेऊन ठेवले. गाणं कानाआधी डोळ्यांनी विकलं जाऊ लागलं होतं. (आपल्याकडे एमटीव्ही स्टारच्या डिशवरून आलं ते १९९१ मध्ये, तोवर टार्नींची आवृत्ती सहा वर्षांची झाली होती.)

बरबँकला दृश्य विभाग जेफ एरॉफ यांच्याकडे होता. त्यांच्या पाहण्यात एक विद्यार्थी-चित्रपट आला होता, 'कम्यूटर' नावाचा. कॅलिफोर्नियाच्या 'कॅलआर्ट्स' या कलासंस्थेत शिकत असताना मायकेल पॅटरसन याने तो पेन्सिलीने काढला होता. कामावर निघालेल्या साध्या माणसाचं चित्र, पण रेषा जिवंत आणि सतत थरथरत्या. या पेन्सिलीतून गाणं उभं राहू शकतं हे एरॉफना दिसलं. त्यांनी पॅटरसन आणि त्याची सहकारी कँडेस रेकिंगर यांना गाठलं आणि दिग्दर्शनासाठी स्टीव्ह बॅरन याला घेतलं. बॅरन तेव्हा तिशीच्या आतला; जॅक्सनच्या 'बिली जीन'मध्ये पाय पडताच उजळणाऱ्या फरश्या त्याच्याच. एरॉफनी त्याला जे दिलं ते त्या धंद्यात दुर्मीळ होतं, ते म्हणजे वेळ. गाण्यांचे व्हिडिओ आठवड्याभरात उरकण्याचा तो जमाना. इथे घाई नव्हती.

पॅटरसनची पद्धत नवी नव्हती. तिचं नाव रोटोस्कोप. खरी माणसं आधी कॅमेऱ्यावर चित्रित करायची, मग फिल्मची एकेक फ्रेम कागदावर प्रकाशाने पाडायची आणि तिच्यावरून हाताने चित्र काढायचं. ही युक्ती न्यूयॉर्कच्या मॅक्स फ्लायशर यांची. त्यांनी १९१५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१७ मध्ये ते मिळालं. आपल्या धाकट्या भावाला, डेव्हला, विदूषकाचा पोशाख चढवून त्याला कॅमेऱ्यासमोर नाचवलं आणि त्या हालचालींवरून 'कोको' हा विदूषक रेखाटला. त्याच्यावरच्या चित्रपट-मालिकेत कोको शाईच्या दौतीतून बाहेर येतो, चित्रकाराच्या टेबलावर धुडगूस घालतो आणि शेवटी दौतीत परततो. म्हणजे चित्रातल्या माणसाने कागद ओलांडून आपल्या जगात येणं, हे स्वप्न या तंत्राच्या जन्मापासून त्याच्यासोबत होतं. बॅरनने फ्लायशरला समोर ठेवून गोष्ट रचली असा माझा दावा नाही. पण पानातून बाहेर येणारा हात दाखवायला याहून नेमकं तंत्र दुसरं नव्हतं.

तो हात हीच बॅरनची पहिली कल्पना. कॉमिकच्या पानातून पेन्सिलीचा हात वर येतो आणि समोरच्या खऱ्या माणसाला आत बोलावतो. बाकीची गोष्ट या एका प्रतिमेभोवती गुंफली गेली.

चित्रीकरण लंडनमध्ये झालं. वँड्सवर्थ रोडच्या कोपऱ्यावरचा 'किम्स कॅफे' आणि एक स्टुडिओ, एवढ्यावर भागलं. नायिका बंटी बेली. कॅफेतल्या टेबलाशी ती एकटी बसून कॉमिक वाचते आहे, साइडकार लावलेल्या मोटारसायकलींच्या शर्यतीचं. समोर कप, भोवती रोजची गिऱ्हाइकं. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स वाचत वाढलेल्या पिढीला या मुलीची तंद्री समजावून सांगायला नको. शर्यत जिंकलेला नायक, म्हणजे हार्केट, चौकटीतून तिच्याकडे बघून डोळा मिचकावतो. ती दचकते. मग पानातून हात वर येतो, आणि ती तो धरते.

आत गेल्यावर तीही रेषांची होते. तिथे मधोमध एक रिकामी चौकट उभी आहे, आरशाच्या महिरपीसारखी. तिच्यातून पाहिलं की पलीकडचा माणूस खरा दिसतो, बाजूला सरकला की पुन्हा पेन्सिलीचा. हार्केट आणि बेली या चौकटीभोवती फिरतात, एकमेकांना एकदा रेषांत आणि एकदा रक्तामांसात पाहतात, हसतात. पडद्यावर हे काही क्षणांचंच आहे, पण माझ्या मते सगळ्या व्हिडिओचं काळीज इथे आहे. प्रेमात पडलेली दोन माणसं दुसरं काय करतात? समोरचा माणूस खरा किती आणि आपण मनात रेखाटलेला किती, हेच तपासत असतात.

तेवढ्यात बाहेर, कॅफेत, वेट्रेस टेबलाशी येते. मुलगी जागेवर नाही. बिल बुडवून पळाली असं समजून ती रागाने कॉमिकचा बोळा करते आणि कचऱ्याच्या डब्यात फेकते. आतलं जग चुरगळतं. शर्यतीत हरलेले दोघे प्रतिस्पर्धी त्या गोंधळात घुसतात. एकाच्या हातात भला मोठा पाइप-पाना. नायक कागद फाडून भोक पाडतो आणि तिला बाहेर ढकलतो. ती कॅफेत कचऱ्याच्या डब्याशेजारी येऊन पडते, भोवतालची माणसं अवाक. ती चुरगळलेलं कॉमिक उचलते आणि घराकडे धूम ठोकते.

घरी ती पलंगावर पान पसरून सुरकुत्या हाताने सारख्या करते. चौकटीत तो निपचित पडलेला दिसतो. ती रडते. आणि मग तो हलतो, उठतो, स्वतःला चौकटीच्या कडांवर आदळायला लागतो. ती मान वर करून बघते, तर तो तिच्या घराच्या बोळात उभा आहे, अर्धा रेषांचा आणि अर्धा माणूस. या भिंतीवर, त्या भिंतीवर अंग टाकतो, पुन्हा पेन्सिल होतो, पुन्हा माणूस. केन रसेलच्या १९८० सालच्या 'ऑल्टर्ड स्टेट्स' या चित्रपटातल्या तशाच दृश्यावरून हे सुचलं. शेवटी रेषा गळून पडतात, हार्केट धापा टाकत उभा राहतो, आणि ती त्याच्याकडे धावते.

या सगळ्यासाठी पॅटरसन आणि रेकिंगर यांनी सुमारे ३००० फ्रेम रोटोस्कोपने रेखाटल्या. १६ आठवडे लागले. एका सेकंदाच्या फिल्ममध्ये २४ फ्रेम असतात हे लक्षात घेतलं की हे काम किती मुंगीच्या पावलांनी पुढे सरकलं असेल त्याचा अंदाज येतो. हातात पेन्सिल, समोर हार्केटच्या गालाचं हाड, त्याची सावली. पान बाजूला, नवं पान, तेच हाड, केसभर सरकलेलं. कितीही सराईत हात असला तरी दोन चित्रं तंतोतंत सारखी येत नाहीत. सावली भरणाऱ्या तिरप्या रेषा एका चित्रात चार असतील तर दुसऱ्यात पाच. म्हणून नायक स्थिर उभा असतानाही त्याच्या चेहऱ्यावरच्या रेषा सळसळत राहतात, भर उन्हात डांबरी रस्त्यावरची हवा हलावी तशा. डिस्नेच्या कारागिरांनी हे हलणं पुसून काढण्यात आयुष्यं घालवली. पॅटरसनने ते राहू दिलं. गोष्टच मुळी अशा माणसाची आहे, ज्याचं असणं अजून पक्कं झालेलं नाही. त्याच्या रेषांनी शांत बसून कसं चालेल?

व्हिडिओ अमेरिकेत आधी दाखवला गेला, रेकॉर्ड पाठोपाठ आली. एमटीव्हीने तो सतत लावला. १९ ऑक्टोबर १९८५ रोजी 'टेक ऑन मी' बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. तिथे पोहोचलेला हा नॉर्वेचा पहिलाच बँड. ब्रिटनने याआधी पाठ फिरवलेलं तेच गाणं आता दुसऱ्या क्रमांकापर्यंत उचललं. वरची जागा जेनिफर रशच्या 'द पॉवर ऑफ लव्ह'ने सोडली नाही. १९८६ च्या एमटीव्ही पुरस्कारांत या व्हिडिओने सहा पारितोषिकं घेतली, त्यांत दिग्दर्शनाचं आणि प्रेक्षकांच्या पसंतीचंही होतं. वर्षातल्या सर्वोत्कृष्ट व्हिडिओचा मान तेवढा डायर स्ट्रेट्सच्या 'मनी फॉर नथिंग'ला गेला. संगणकावर काढलेल्या ठोकळेबाज माणसांचा तो व्हिडिओही स्टीव्ह बॅरनचाच. एकाच वर्षात एकाच दिग्दर्शकाने एका हातात पेन्सिल आणि दुसऱ्या हातात संगणक घेतला होता. त्या ठोकळ्यांचं आज तंत्राचा जुना नमुना म्हणून कौतुक होतं. पेन्सिलीच्या रेषा जुन्या झालेल्या नाहीत.

यशाने तिघांना जे दिलं ते सुखाचंच होतं असं नाही. हार्केटचा चेहरा जगभरातल्या पोरींच्या भिंतींवर लागला आणि वॉक्तार-फुरुहोल्मेन यांची गीतकार म्हणून असलेली गंभीर महत्त्वाकांक्षा त्या पोस्टरांमागे गेली. मॅन्झारेकच्या वाटेने निघालेल्या मुलांना पोरींचे लाडके म्हणून ओळखलं जाऊ लागलं. कुठलं गाणं कुणाचं, श्रेय कुणाला किती, यावरून आतल्या आत कुरबुरी झाल्या. त्या इतक्या टिकल्या की २०२१ साली थॉमस रोबसाम यांनी बँडवर काढलेल्या माहितीपटात साठीला टेकलेले तिघेजण बहुतेक वेळ वेगवेगळे बसून बोलताना दिसतात. पण त्याच्या कितीतरी आधी, 'टेक ऑन मी'च्या पाठोपाठ आलेल्या 'द सन ऑल्वेज शाइन्स ऑन टीव्ही' या गाण्याच्या व्हिडिओत बॅरनने ती प्रेमकथाही मोडून टाकली होती. रानात उभा असलेला नायक पुन्हा रेषांचा होऊ लागतो, तिच्यापासून पळत सुटतो आणि आपल्या कागदी जगात परत जातो. पडद्यावर 'समाप्त' येतं आणि मगच नवं गाणं सुरू होतं.

२०१७ च्या जूनमध्ये नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गिस्के बेटावर आ-हाने वाद्यांना वीज न जोडता मैफल केली. तिथे 'टेक ऑन मी' त्यांनी निम्म्या वेगाने गायलं. ड्रमचं यंत्र नाही, उड्या मारणारा की-बोर्ड नाही, पेन्सिलीचा नायक तर नाहीच. मॅग्नेची धून सावकाश, मोजक्या सुरांत उतरली, आणि हार्केट धृपदाच्या वरच्या टोकाला घाई न करता गेला. १९८५ मध्ये नाचरं वाटलेलं गाणं दुःखाचं निघालं. हे दुःख नवं नव्हतं. 'मिस ईरी' लिहिताना वॉक्तारला जो काळोख हवा होता तो या चालीत पहिल्यापासून होता, फक्त तो ऐकू यायला तिचा वेग एवढा कमी करावा लागला. २०१८ साली 'डेडपूल २' या हॉलिवूडपटातल्या सर्वांत हळव्या प्रसंगासाठी दिग्दर्शकाने टार्नींची आवृत्ती नाही, हीच निवडली.